दोन देशांनी पाहिलेलं हृदय

"मामा, डाव्या कुशीवर वळा. आणि बोलू नका, चित्र हलतं."

"मी कुठं बोलतोय, ताई? पोट बोलतंय. जेवायच्या वेळेला क्लास ठेवतं का कुणी?"

मुलं हसली. भिंतीवरच्या पडद्यावरचे परदेशी प्रोफेसरही हसले, एक अक्षर कळलं नव्हतं तरी. मामा रुग्णालयाचे लिफ्टमन. परदेशी विद्यापीठाशी करार होऊन हृदयाच्या सोनोग्राफीचे एकत्र वर्ग सुरू झाले, तेव्हा दाखवून शिकवायला एक धडधाकट माणूस हवा होता. मामा शर्ट काढून हजर! त्यांच्या छातीवर प्रोब फिरवायचं काम ताईंचं. त्या विभागातल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ.

त्या दिवशी प्रोफेसर एका चित्रावर थांबले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी त्यांनी पुन्हा मोजायला लावली आणि इथल्या विभागप्रमुखांशी इंग्रजीत काही बोलले. ती फुगली होती, हे ताईंनाही दिसत होतं. पण निदान डॉक्टरांनी सांगायचं, तंत्रज्ञाने नाही. ही शिस्त ताईंच्या अंगात मुरलेली होती.

घोड्यानं पेंड खाल्ली ती इथंच. करारानुसार अहवाल तिकडे तयार व्हायचा, म्हणून इथले त्याची वाट पाहत बसले. तिकडच्यांच्या लेखी मामा पेशंट नव्हतेच. काय सांगायचं ते इथले सांगतील, असं त्यांनी धरलं. दोन घरचा पाहुणा उपाशी. ताईंनी एकदा प्रमुखांना विचारलंही. "येईल हो तिकडून," ते म्हणाले. ताई पुढच्या पेशंटकडे वळल्या. मामा मात्र लिफ्टमध्ये येईल त्याला सांगत होते, "आपलं हृदय परदेशात शिकवतात, काय समजलात!"

पुढच्याच महिन्यात मामा गेले. रक्तवाहिनी फुटली, कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही.

ताई मामांच्या घरी भेटायला गेल्या. मामींनी चहा केला, समोर बसल्या.

"आठवडाभर दुखतंय म्हणत होते छातीत. मी म्हटलं, दाखवा कुणाला तरी. तर मलाच हसले. म्हणे, 'अगं, दोन देशांचे डॉक्टर बघतात मला. काही असतं तर बोलले नसते का?'" मामींनी पदराने डोळे पुसले. "तेही खरंच. एवढ्या मोठ्या लोकांना नाही दिसलं, तिथं आपण काय करणार? तुम्ही नका मनाला लावून घेऊ, ताई."

मान हलवावी आणि उठावं, असं ताईंना फार वाटलं. तसं केलं असतं तर कुणाला कधी कळलंही नसतं. पण जिचा नवरा गेला तीच आपली समजूत घालतेय, याची त्यांना भयंकर लाज वाटली.

"मामी, दिसलं होतं."

"काय?"

"सगळ्यांना दिसलं होतं. मलापण."

मामी उठल्या. मग ताईंसमोरचा, अजून न उचललेला चहाचा कप त्यांनी उचलला आणि आत नेऊन ठेवला.