खुर्चीतला रुग्ण

ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी खुर्चीत बसलो होतो. मी बहुतेक खुर्चीतच असतो. ही दवाखान्यात सिस्टर होती. रुग्णांना चालायला-फिरायला कसं लावावं, याचा वर्ग ती डॉक्टर आणि नर्सेससाठी घ्यायची. घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्या दिवशी वर्गातच फळ्यापाशी कोसळली.

चार महिन्यांनी तिच्या हाताखालची सिस्टर घरी आली.

"काका, परवा वर्ग आहे. सरावाला रुग्ण हवाय. बाई म्हणायच्या, आमच्या ह्यांना जो हलवेल तो डोंगरही हलवेल."

मोठ्या डॉक्टरांना हा वर्ग नकोच होता. 'चाला' एवढं सांगायला शिकायचं काय, असं त्यांचं म्हणणं. परवा मला कुणीच हलवू शकलं नाही तर वर्ग बंद, असं ठरलं होतं.

"मग मी लगेच हो म्हणून टाकतो."

"खोटं नको, काका. बाईंना नसतं आवडलं."

हे तिचं खरं होतं. हिला माझं खोटं पाठमोरी असतानाही कळायचं.

वर्गाच्या दिवशी पहिले मोठे डॉक्टरच पुढे आले.

"रोज अर्धा तास चाला."

"गुडघे दुखतात."

"चालून बरे होतील."

"मग बरे झाले की चालतो."

वर्ग फिदीफिदी हसला. डॉक्टरांचा आवाज चढला. "बसून राहिलात तर एक दिवस हृदय बंद पडेल!"

"जी रोज चालायची तिचं पडलं की हो."

कुणी हसलं नाही. डॉक्टर कागद चाळत बसले. त्यांच्यानंतर चौघांनी प्रयत्न केला. एकीने तक्ता दाखवला, एकाने वजन विचारलं. मी ढिम्म. सिस्टरचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटत होतं, पण हो म्हणण्यासारखं कुणी काही विचारतच नव्हतं.

शेवटी जखमा बांधणारा ड्रेसर आला. खुर्ची ओढून बसला.

"आधी कधी चालायचात का?"

"भाजीबाजारापर्यंत. ही पुढे, मी पिशवी घेऊन मागे. ती भाव करायला थांबली की मी टेकायला जागा बघायचो."

"आता भाजी?"

"लेक घरपोच मागवते."

त्याने खिशातून वही काढली. मग म्हणाला, "उद्या कुठपर्यंत जमेल? तुम्हीच सांगा."

"घराच्या फाटकापर्यंत."

"किती वाजता?"

"आठ."

"लिहू?"

"लिही."

"फाटकापर्यंत?" मोठे डॉक्टर उसळले. "हा काय व्यायाम झाला?"

"सर," सिस्टर म्हणाली, "तुम्ही सांगून तर ते खुर्चीतून उठायलाही तयार नव्हते."

वर्ग चालू राहिला. मी रोज आठला फाटकापर्यंत जातो, जरा उभा राहतो, परत येतो. ड्रेसर दर आठवड्याला फोन करून विचारतो, पुढे कधी?

भाजीबाजारापर्यंत जाणं अजून झालेलं नाही.