बाबांचा आवाज

घरात तिला सगळे खटपटी म्हणायचे. धान्याच्या गोदामांना वजनकाटे पुरवणाऱ्या एका कारखान्यात ती काट्यांचे प्रोग्राम लिहायची आणि घरी आली की जुन्या, हातात मावणाऱ्या गेम कन्सोलसाठी खेळ लिहायची. त्या कन्सोलचे खेळ काढणं कंपनीनं कधीच बंद केलं होतं, पण देशोदेशीची काही वेडी माणसं त्याच्यासाठी अजून घरच्या घरी नवे खेळ बनवत आणि एकमेकांना फुकट वाटत. खटपटी त्यांच्यातलीच एक.

तिचे बाबा मोटार चालवायला शिकवायचे. आवाज असा, की शिकाऊ माणूस ब्रेकवर पाय ठेवायच्या आधी शेजारची गाडी थांबायची. घरीही तीच तऱ्हा. टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागली की उत्तर देणाऱ्यावर "चूक!" म्हणून ओरडायचे. लेकीच्या खेळांची तर त्यांना भारी मौज वाटे. "झालं का बाळंतपण? बाळ चालतंय की रांगतंय?"

त्याच बाबांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी खटपटीनं त्यांना समोर बसवलं आणि त्यांचे शब्द रेकॉर्ड करून घेतले. मग कन्सोलसाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. बाणाच्या बटणानं शब्द निवडायचा, दुसरं बटण दाबलं की बाबांचाच आवाज बोलणार. "पाणी दे." "माझी गोळी कुठंय?" "झालं." "थांब." बाबांनी हट्टानं शिकवणीतले "डावीकडं", "हळू", "आरसा बघ" आणि वर "चूक!" हेही घालायला लावलं.

"'माफ कर' घ्यायचं का?" तिनं विचारलं होतं.

"ते कशाला? उगाच जागा अडवेल," बाबा म्हणाले. आई पलीकडं भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

प्रत्येक शब्दाआधी बाबांनी घेतलेला श्वासही त्यात आला होता. तो कापून टाकायला खटपटीचं मन धजेना. त्यामुळं खिशातला कन्सोल बोलायच्या आधी दम घ्यायचा. पुढं आजार उलटेपर्यंत बाबा त्याच्यावरच बोलले. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा त्याच्यावरच केली.

बाबा गेले तेव्हा आईनं त्यांचे कपडे वाटून टाकले, चष्मा देऊन टाकला. कन्सोल मात्र स्वयंपाकघरातल्या फळीवर, चार्जरला लावून ठेवला.

खटपटी दुसरीकडं राहायची, सुट्टीच्या दिवशी आईकडं जायची. एकदा दोघी चहा घेत बसल्या होत्या. फळीवरून कोणीतरी दम घेतला, आणि बाबा म्हणाले, "डावीकडं. हळू."

खटपटीनं वळून फळीकडं पाहिलं. आई बिस्किट बुडवत होती, ती बुडवतच राहिली.

"असे अधूनमधून बोलतात," ती म्हणाली. "कधी नुसता श्वास घेतात आणि गप्प बसतात. मग दिवसभर मला चुटपुट लागते, काय म्हणायचं होतं म्हणून."

"आई, बटण खराब झालं असेल. मी बघते."

"बघशील गं. घाई काय आहे?"

पुढच्या वेळी ती न कळवता, भर दुपारी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून बाबांचा आवाज येत होता, पण शब्द वेगळेच होते. "माझी… चूक." पुन्हा, "माझी… चूक."

खटपटी दाराशीच खिळली. हे दोन शब्द असे जोडून बाबांच्या तोंडून तिनं जन्मात ऐकले नव्हते. तसे रेकॉर्डही केले नव्हते.

आई खिडकीशी बसली होती, कन्सोल दोन्ही हातांत. दुसरा शब्द सुरू केला की पहिला मध्येच तुटतो, हे तिनं आपलं आपण शोधून काढलं होतं. "माझी गोळी कुठंय" लावायचं आणि "माझी" झालं रे झालं की "चूक!" दाबायचं. लेकीला पाहून ती दचकली, पण तिनं कन्सोल लपवला नाही.

"हे काय करतेस, आई?"

"दिसतंय की तुला."

"कशाबद्दल म्हणायला लावतेस त्यांना?"

आई बराच वेळ बोटानं बटणावरची धूळ पुसत राहिली. मग सांगू लागली. तिच्या दादाला, म्हणजे खटपटीच्या मामाला, दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हाची गोष्ट. निरोप आला, लगेच निघा. गाडी दारात उभी होती. बाबा म्हणाले, एक शिकवणी तेवढी संपवून येतो, मग निघू. आई चपला घालून पायरीवर बसली. ते आले, निघाले, पोहोचले, तेव्हा दवाखान्याच्या दाराशी वहिनी उभी होती आणि तिच्याकडं बघूनच आईला कळलं.

"दादा माझं नाव घेत होता म्हणे," आई म्हणाली. "त्यानंतर मी वहिनीला तोंड दाखवलं नाही. आणि ह्यांनी त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही नाही. संसार केला, पोळ्या लाटल्या, दुखणं काढलं. म्हटलं, कधीतरी म्हणतील."

"मग आता ऐकून बरं वाटतं?"

"छे गं. अंगावर काटा येतो. मेलेल्या माणसाच्या तोंडून मीच वदवून घेते, मीच ऐकते. पण दुपार झाली की हात जातोच."

खटपटीला एवढंच समजलं, की हे यंत्र तिनं बनवलं होतं आणि त्यानं आता आईला धरलं होतं. "मी हा दुरुस्तीला नेते," ती म्हणाली. आई नाही म्हणाली नाही.

घरी तिनं कन्सोल उघडला. बटणांखालचं रबर घामानं चिकट होऊन झिजलं होतं, आपोआप टेकत होतं. त्यामुळं वाटेल तो शब्द निवडला जायचा आणि वाजायचा. भूत नाही न् काही नाही. तरी खोलताना कन्सोल मध्येच "थांब" म्हणाला, तेव्हा तिनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. घरात उजेड होता, रस्त्यावर रहदारी होती, तरी पुन्हा हात लावायला तिला धीर गोळा करावा लागला. तिनं नवं रबर बसवलं. कन्सोल मुका झाला.

परत नेऊन दिला तेव्हा आईनं तो फळीवर ठेवला. पुढच्या भेटीत आई सुकल्यासारखी वाटली. भाजीत मीठ नव्हतं.

"बोलतच नाहीत आता," ती म्हणाली.

"बटण दाबलं की बोलतील, आई."

"ते मी बोलते. मला कळत नाही का? मी वदवते ते खोटंच. पण ते आपणहून काही म्हणायचे, अर्थाचं, बिनअर्थाचं, तेवढंच त्यांचं होतं." तिनं फळीकडं बघितलं. "तू ते काढून टाकलंस."

"अगं, ते झिजलेलं रबर होतं!"

"असेल. तुझं शिक्षण झालंय, तुला ठाऊक. ते परत बसव."

खटपटी पुष्कळ भांडली. शेवटी तिनं ते जुनं रबर पर्समधून काढलं. का ठेवलं होतं, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच कन्सोल उघडला आणि चांगला भाग काढून बिघडलेला बसवला. आयुष्यात असलं उलटं काम तिनं पहिल्यांदाच केलं. आई शेजारी उभी राहून बघत होती.

"एका अटीवर," खटपटी म्हणाली. "दुपारचं ते बंद. आणि मामीकडं जायचं. मी येते बरोबर."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "वहिनी दारात तरी उभी करेल का?"

वहिनीनं दारात उभं ठेवलं नाही. आत घेतलं, दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून बसल्या आणि गुडघेदुखीबद्दल बोलल्या. निघताना मामी एवढंच म्हणाली, "तो म्हणायचा, ती येईल. रागावला नव्हता गं." बसमध्ये आई सगळी वाट खिडकीबाहेर बघत होती. खटपटीला वाटलं, सुटली.

घरी पोहोचेस्तोवर संध्याकाळ झाली. आईनं कुलपाला किल्ली लावली आणि तशीच थांबली.

आत बाबा बोलत होते. बंद घरात, रिकाम्या खोलीत, एकामागून एक. "हळू. आरसा बघ. पाणी दे. झालं." कन्सोलवर इतकं सलग ते जिवंतपणीही कधी बोलले नव्हते. मध्येच गप्प व्हायचे, कुणाचं उत्तर ऐकून घ्यावं तसे, आणि पुन्हा सुरू.

रबर, घाम, दमट हवा, सगळं खटपटीनं मनाशी घोकलं. "आई, मी आत जाऊन बंद करते."

आईनं तिचं मनगट धरलं.

"नको. कुणाशी तरी बोलतायत," ती हळूच म्हणाली. "मध्ये पडू नये."

दोघी पायरीवर बसल्या. आत कन्सोल बोलत राहिला, आणि तो गप्प झाल्यावरही आई बराच वेळ उठली नाही.