उभी मान, आडवी मान

“गर्दीच्या मागे जाऊ नकोस,” नेदा सांगायची. “गर्दी सामान घ्यायला जाते. तुझ्याकडे हातातली पिशवी असेल फक्त. तू डावीकडे वळ.”

मी डावीकडे वळलो. समोर भिंत होती.

पांढऱ्या पत्र्याची नवी भिंत. तिच्यावर कॉफी पिणाऱ्या एका बाईचे मोठे चित्र. मागून येणारी माणसे मला वळसा घालून जात होती. एकाची चाकांची बॅग माझ्या पायावरून गेली, तो काहीतरी बोलला, बहुधा माफी मागितली असेल. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. नेदाच्या वेळी इथे वाट होती. ती खोटे सांगणारी नव्हती.

अकरा वर्षे माझी बायको इथे बोलोन्यात एका म्हातारीला सांभाळत होती. आमच्या गावातल्या निम्म्या बायका अशाच कुणा ना कुणा इटालियन म्हातारीजवळ आहेत. मी शाळेचा बॉयलर पेटवायचो. मुले कमी झाली, शाळा बंद पडली, बॉयलर थंड झाला, तरी किल्ली माझ्याकडेच राहिली. संध्याकाळी फोनवर बोलण्यासारखे काही उरले नाही, की नेदा मला हा विमानतळ फिरवून आणायची. उतरलास की जिना. जिन्यानंतर लांब बोळ. मग डावीकडे. मग काचेचे दार, ते आपोआप उघडते, घाबरू नकोस. “बाहेर आलास की तिसरा खांब. मी तिथे उभी असेन.” मी हं हं करत ऐकायचो. दर वर्षी जायचे ठरायचे आणि दर वर्षी तीच नाताळला घरी यायची.

आणखी एक गोष्ट ती न चुकता सांगायची. “आणि मान सांभाळ. इथे सगळं उलटं आहे. हो म्हणताना आपल्यासारखी आडवी हलवायची नाही. यांचं हो उभं असतं आणि नाही आडवं.”

“म्हणजे मी नाही म्हटलं की ते हो समजणार?”

“अगदी. तोंडाने बोल, मान बांधून ठेव.”

तिची स्वतःची मान कुठे बांधलेली होती? एका नाताळला माझ्या बहिणीने तिला विचारले, “बानित्सा वाढू का अजून?” नेदाने तिकडच्यासारखी मान खाली-वर केली. बहिणीने ताट उचलून नेले. नेदा रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग आम्ही सगळे इतके हसलो, की शेजारचा गेत्सो दारू घेऊनच आला, त्याला वाटले काहीतरी साजरे चालले आहे.

ती गेली त्याला महिना उलटला. इथेच, दवाखान्यात. म्हातारीच्या मुलाने, एत्तोरेने, सगळे केले. त्याने तिला जाळले, कारण तसे न्यायला सोपे असते म्हणे. आमच्यात जाळत नाहीत. पाद्रीबुवांनी तोंड वाकडे केले.

“दिमो, राख कशी पुरायची?”

“मग काय करू बुवा? चुलीत ठेवू?”

ते मग म्हणाले, “चाळिसाव्या दिवसाच्या आत आण. मी बघतो.”

चाळिसावा रविवारी होता. एत्तोरे तिला विमानतळावरच आणून देणार होता आणि मी संध्याकाळच्या विमानाने परतणार होतो. त्याच्या आईसाठी मी भाजलेल्या मिरच्यांची ल्युतेनित्सा घेतली होती, नेदाच्या हातची शेवटची बरणी. सोफियाच्या विमानतळावरच तपासणीच्या एका पोराने ती काढून घेतली.

“आजोबा, पातळ पदार्थ चालत नाहीत.”

“हिला पातळ म्हणतोस? चमचा उभा राहतो हिच्यात!”

“मला माहितीय हो. माझी आई पण करते. पण नाही चालत.” त्याने बरणी कचऱ्यात टाकली नाही, बाजूला नीट ठेवली. मला वाटते, त्याने ती घरी नेली. नेली असेल तर बरे.

शेवटी मी गर्दीच्या मागे गेलो. काचेचे दार आपोआप उघडले. पुढे मोठा दिवाणखान्यासारखा हॉल, आणि खांब. एक, दोन, तीन.

तिसऱ्या खांबाजवळ कोणी नव्हते. तरी मी त्याच्या पलीकडे जाऊन बघितले.

मग तिथेच उभा राहिलो. खांबाला खांद्याच्या उंचीवर एक काळपट डाग होता, माणसे टेकून टेकून पडतो तसा. नेदाचा खांदा साधारण तिथेच आला असता. मी त्याला हात लावला नाही.

थोड्या वेळाने राखाडी दाढीचा एक उंच माणूस आला. खांद्याला कापडी पिशवी, एक हात पिशवीच्या खाली धरलेला, आत काचेची वस्तू असल्यासारखा. त्याने मला काहीतरी विचारले. मला एकच शब्द कळला. नेदा.

गावात माझ्यासमोर आता कोणी हे नाव घेत नाही. ‘तुमची ती’ म्हणतात, ‘बिचारी’ म्हणतात. त्या माणसाने ते इतके सहज उच्चारले, की तोंडाने बोलायचे राहूनच गेले. मी हसलो आणि जोरात मान हलवली. हो, हो. मीच.

त्याने छातीवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. किती सभ्य माणूस, मनात म्हटले. तिला आणायला गेला असेल.

मग ती पिशवी दिसली, त्याच्या खांद्यावर, माणसांमधून लांब जाताना. मान! मी आडवी हलवली होती.

मी धावलो. गुडघे धावण्याचे राहिलेले नाहीत, तरी धावलो. बाहेरच्या दारापाशी गर्दी होती, उन्हाची तिरीप डोळ्यात आली, आणि तो दिसेना. त्याचे नाव मला माहीत होते, सगळ्या रस्ताभर घोकले होते, पण तोंडात आलेच नाही. तोंडात एकच नाव आले.

“नेदा!” मी ओरडलो. “नेदा! थांब!”

सगळ्यांनी वळून बघितले. दारात तोही थांबला. वळला. दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून तो माझ्याकडे चालत येऊ लागला.

त्याच्या मागून एक बाई धावत आली, हातात पुठ्ठा, त्यावर आमच्या अक्षरांत माझे नाव.

“अहो दिमोदादा! मान आडवी हलवलीत ना? मी दुसऱ्या दारापाशी होते. हा मला फोनवर सांगतोय, एक म्हातारा भेटला, पण तो नाही म्हणाला. मी विचारलं, नाही म्हणताना हसत होता का? म्हणे हो. म्हटलं, अरे गाढवा, मग तोच!” ती हसत होती आणि डोळे पुसत होती. “मी ज्लातका. आपल्याकडचीच, प्लेवेनची. नेदाताईंच्या जागी आता मी असते.”

आम्ही कॉफीच्या टपरीवर बसलो. एत्तोरेने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पावाच्या दोन मोठ्या लाद्यांएवढे वजन. त्याची चार वाक्ये ज्लातकाने एका वाक्यात सांगितली, “म्हणतो, घरातली होती.”

“आणि म्हातारी?”

“मला नेदाच म्हणते. सुरुवातीला सांगितलं तिला. रडली. दुसऱ्या दिवशी विसरली, परत सांगितलं, परत तेवढीच रडली. मग नाही सांगितलं. आता हाक मारली की मी ओ देते.”

मी कपाकडे बघत होतो. जे विचारायला मी खरा आलो होतो ते विचारायचे होते. राख पोस्टानेही आली असती, एत्तोरेने तसे कळवलेही होते.

“शेवटी दवाखान्यातून फोन आला होता,” मी म्हणालो. “चित्र दिसतं तसला. नर्सने धरला होता. तिच्या तोंडावर ते हवेचं लावलेलं, बोलता येत नव्हतं. मी विचारलं, येऊ का? तिने मान उभी हलवली. सावकाश, दोनदा.”

ज्लातका कॉफी ढवळायची थांबली.

“मी समजलो, नको म्हणतेय. म्हणून राहिलो. तिसऱ्या दिवशी...” पुढचे तिला माहीत होते. “तू तिच्याबरोबर असायचीस. ती आपली मान हलवायची की यांची?”

“आपल्या माणसांशी आपली,” ती लगेच म्हणाली. “दादा, मनात काही आणू नका. तुम्हाला त्रास नको म्हणूनच नको म्हणाल्या. तुमच्याशी बोलताना यांची मान कशी हलेल?”

“नक्की?”

“नक्की. माणूस आपल्या भाषेत बोलत असला की...”

तेवढ्यात एत्तोरेने तिच्या कपाकडे बोट करून काहीतरी विचारले. आणखी एक मागवू का, असे असावे. ज्लातका माझ्याकडेच बघत होती, बोलणेही आमच्याच भाषेत चालले होते. तिने मान उभी हलवली. एत्तोरे उठून कॉफी आणायला गेला.

ज्लातकाने त्याच्या पाठीकडे बघितले, मग माझ्याकडे.

“माझं सोडा हो,” ती हळूच म्हणाली. “मला इथली सवय लागलीय.”

“किती वर्षं झाली तुला इथे?”

“चार.”

नेदाची अकरा. तिने पिशवीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला.

परत जायच्या वाटेबद्दल नेदाने मला कधीच काही सांगितले नव्हते. तिचे सगळे सांगणे येण्याचे होते. म्हणून मी पाट्या बघत, विचारत गेलो. तपासणीच्या जागी सगळे पट्टे, कोट, चपला राखाडी तबकांत टाकत होते. मी पिशवी दुसऱ्या तबकात ठेवली, वेगळी, आणि एत्तोरेने दिलेला राखेचा कागद पुढे केला. तिथल्या माणसाने कागद वाचला. मग पडद्याकडे बघितले. मग माझ्याकडे. त्याने स्वतः पिशवी उचलून माझ्या हातात दिली, पट्ट्यावरून घसरू दिली नाही.

“सोलो?” त्याने विचारले.

एकटेच? हा शब्द मला येत होता. फोनवर नेदाच्या बोलण्यात तो वरचेवर यायचा.

मी मान उभी हलवली. सावकाश, दोनदा.

तो हो समजला आणि त्याने मला जाऊ दिले.