तेजीबाबाच्या चिठ्ठ्या

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर रेशमी शर्टातला तेजीबाबा डोळे मिटून पुटपुटत होता आणि पुढच्या रांगेतले दहाजण घसा फोडून ओरडत होते, "पाचही आठवडे बाबांची चिठ्ठी खरी! शेअर चढणार म्हटलं, चढला! पडणार म्हटलं, पडला!"

"अहो, बाजार मला विचारल्याशिवाय हलतच नाही," बाबा म्हणाला. वा रे शहाणा!

त्या दहांत एका लाँड्रीवालीचा थोरला भाऊ होता; तिलाही तो हॉलमध्ये घेऊन आला होता. लाँड्री दोघांची. ती विकून पैसा बाबाच्या हाती द्यायचा, म्हणून कागद तयार होते. फक्त बहिणीची सही बाकी होती.

"कर सही," दादानं कागद तिच्यापुढे धरला.

"आधी हे बघ, दादा." धुण्याआधी खिसे तपासायचे आणि सापडेल ते गिऱ्हाइकाच्या नंबराच्या पुडीत ठेवायचं, ही तिची वीस वर्षांची शिस्त. तिनं दोन पुड्या उघडल्या. "आठवडा एकच, शेअर तोच. या चिठ्ठीत चढणार, या चिठ्ठीत पडणार."

दादानं फाडकन तिच्या मुस्काटात मारली. ओठ फुटला. "बाबांवर आळ घेतेस?" मागून कुणी केस ओढले, कुणी कंबरेत लाथ घातली, कुणाच्या तरी बुटाखाली तिचं बोट मोडलं. पण बाई हट्टाची. पडल्यापडल्या ओरडली, "चिठ्ठी दुसऱ्याला दाखवली तर फळ जाईल, असं का सांगितलं रे तुम्हाला? दहाची पाचदा दुप्पट करा, म्हणजे पहिल्यांदा तीनशेवीस घरं. निम्म्यांना चढणार, निम्म्यांना पडणार. ज्यांची चुकली, त्यांना पुढची चिठ्ठीच नाही! पाच आठवड्यांनी उरले हे दहा!"

मागून एक शिंपी चाचरत उठला. "माझी दुसरीच चुकली होती. वाटलं, आपलीच श्रद्धा कमी पडली. लाजेनं बोललो नाही." मग नर्स उठली, मग अख्खी रांग.

बाबा मागच्या दाराकडे पळाला. गर्दीनं खुर्च्या उचलल्या. बाबाचं नाक फुटलं, दोन दात पडले. मघाशी हिला तुडवणारेच आता त्याला तुडवत होते. लाँड्रीवालीच मध्ये पडली. "पोलिसांकडे द्या त्याला! मारून खरंखोटं ठरत नाही, आत्ताच बघितलंत ना?"

दादा तिच्यापाशी बसून रडायला लागला. "हा शेअर बाजारच भुताटकी गं! आपल्यासारख्यांनी त्याच्या वाटेलाच जाऊ नये."

"मला बाजारानं नाही मारलं, दादा. तू मारलंस." तिनं रक्त पुसलं. "शेअर म्हणजे कुठल्यातरी धंद्यातला छोटासा वाटा. कधी चढतो, कधी पडतो, उद्याचं कुणालाच दिसत नाही. समजून घे, झेपेल तेवढंच घाल, नाहीतर घालूच नकोस. पण ठरव ते डोकं वापरून. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला ना, तर हात उगारायच्या आधी एवढंच विचार: ज्यांचं चुकलं, ते कुठे बसलेत?"