स्वयंपाकघरातला बाक

तो सुतारकामाचा बाक स्वयंपाकघरात करायला घेतला ही माझीच चूक. आता कबूल करतो. तेव्हा कोणी बोललं असतं तर मी अंगावर धावून गेलो असतो. चुका मोजायला घरात बायको आहे, तेवढी पुरे.

मी एलिएसर नाउएल्किन. चिलोए बेटावर, केतेल्कोच्या खाडीकाठी चाळीस वर्षं होड्या आणि दारंखिडक्या करतोय. माझी एकुलती एक पोर ओरियेता चार वर्षं कारखान्यात मासे कापत होती. तिथे तिचा उजवा खांदा धरला, तशी घरी आली आणि माझ्या हाताखाली काम शिकायला लागली. हात चांगला आहे पोरीचा. माझ्यापेक्षा चांगला. पण हे मी तिला सांगितलं नव्हतं, डोक्यावर बसली असती.

ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे आमच्याकडच्या भर हिवाळ्यात, चर्चच्या मंडळाने बारा मोठ्या खिडक्यांचं काम तिला दिलं. ऑक्टोबरातल्या सणाआधी खिडक्या बसायला हव्यात. त्याच आठवड्यात पुंता आरेनासहून, लांब दक्षिणेकडच्या शहरातून, तिच्या मावशीचा निरोप आला. हॉटेलच्या धोबीखान्यात जागा आहे, महिनाअखेर कळव.

"इथे काम होणार असेल तर मी राहते," ओरियेता म्हणाली. "पण खिडक्या करू कशावर, बाबा? तुमच्या बाकावर रंधा मारला की लाकूड जागेवर राहतं आणि बाकच पुढे चालायला लागतो."

खोटं नव्हतं ते. माझा जुना सुतारी बाक पाइनच्या फळ्यांचा, खिळ्यांवर उभा होता. मी तोंडाने नुसतं "बघू" म्हटलं. इथून पुंता आरेनासला गेलेली माणसं मयताला तेवढी परत येतात, आणि तीही दुसऱ्या दिवशी.

पक्का बाक करायचा तर कठीण लाकूड हवं, आणि नवीन आता मिळत नाही. पण किनाऱ्यावर वीस वर्षं एक जुनी होडी पडून होती. वरून कुजलेली, खालचा कणा मात्र ठणठणीत. मालकाचा मुलगा म्हणाला, घेऊन जा, कुत्री तरी तिथे व्यायची थांबतील. शिवाय ओढ्यावरच्या मोडक्या गिरणीचे चार खांब होते, लुमाचे. लुमा म्हणजे असलं लाकूड, की खिळा मारला तर खिळाच शरण येतो. आम्ही बापलेकींनी सगळं ओढून आणलं. त्यातले गंजके खिळे उपटता उपटता माझ्या दोन पटाश्या गेल्या आणि तोंडाला येतील तेवढ्या शिव्या मी वापरून टाकल्या.

लाकूड खाऱ्या पाण्याने भिजलेलं. शेडमध्ये ते कधी वाळणार? शेडचं छप्पर गळतं, आणि आमच्याकडचा ऑगस्ट म्हणजे ढग जमिनीवर राहायला येतात. म्हणून मी केलं ते इथल्या कुठल्याही माणसाने केलं असतं. सगळं लाकूड स्वयंपाकघरात आणलं, लोखंडी चुलीभोवती रचलं. आमचं सगळं आयुष्य त्या चुलीभोवतीच जातं. तिथेच जेवतो, तिथेच भांडतो, आजारी माणूसही तिथेच झोपवतो.

"हे किती दिवस?" माझी बायको रोसाल्बा म्हणाली.

"वाळेपर्यंत."

वाळलं, तर मला वाटलं, आता परत ओलीत कशाला न्यायचं? वाकडं होईल. इथेच जोडून टाकू. वरचा फळा चार बोटं जाड, माणसाच्या दीडपट लांब. लुमाचे पाय वरच्या फळ्यात आरपार ठोकले, वरून पाचरी मारल्या, आडव्या खुंट्या घातल्या. खिळा नाही, बोल्ट नाही. ओरियेताने रंधा मारून वरचा भाग असा सपाट केला की त्यावर पाणी ओतलं तर कुठे जायचं ते पाण्याला कळेना. मी त्यावर चढून नाचलो. बाक हूं की चूं करेना.

"छान," रोसाल्बा म्हणाली. "आता हा बाहेर कसा नेणार?"

मी आणि ओरियेताने दाराकडे बघितलं. दार अरुंद, दारासमोरच चूल. उभा करावा तर छत ठेंगणं, आडवा करावा तर वळत नाही. आणि हलवणार कोण? मी आणि पोरीने एक टोक उचलायला बघितलं, तर माझा श्वास उचलला गेला, बाक नाही. पाचरी तर अशा बसल्या होत्या की पाय निघायचे नाहीत.

"चाळीस वर्षं सुतारकी," रोसाल्बा म्हणाली, आणि बाकावर बटाटे सोलायला बसली. पुढचे चार दिवस तिने कणीकही तिथेच मळली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, नवऱ्याने मला ओटा करून दिलाय.

पुरुषभर उंचीच्या खिडक्या तिथे मावणार नव्हत्या. महिना संपायला सहा दिवस उरले. ओरियेता म्हणाली, "पाय कापू या. बाहेर नेऊन बोल्ट लावू." मी करवत हातात घेतली, पायाला लावली. कापलेला पाय पुन्हा तसा घट्ट बसत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. मी करवत खाली ठेवली. ती आत गेली आणि मावशीला फोन लावला. "शुक्रवारी सांगते," एवढंच मला ऐकू आलं.

आता आमच्याकडे अशा वेळी काय करतात ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मिंगा घालतात. घरमालक स्वतः दारोदार जातो, विनंती करतो, लोक बैल आणि दोर घेऊन येतात, आणि तो त्यांना पोटभर जेवू घालतो. अख्खी घरं आम्ही अशी ओढून दुसरीकडे नेतो. बाकाची काय कथा. पण बैल म्हाताऱ्या उबेर्लिंदाबाईकडे, मानाने आम्ही तिला दोन्या उबेर्लिंदा म्हणतो, आणि ती हो म्हणाली तरच गाव हलतं. तिच्याकडे जायला मला तोंड नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत तिचं घर हलवलं तेव्हा मला बोलावणं होतं. मी पाठ धरल्याचं सांगितलं. त्या दिवशी भरपूर ओहोटी होती, एवढे शिंपले वर्षातून एकदा मिळतात. मी फावडं घेऊन किनाऱ्यावर गेलो. घर डोंगरावरून नेणार होते. ऐनवेळी त्यांनी किनाऱ्यावरून नेलं. मी कंबरेत वाकून खणतोय, आणि समोरून दोन्या उबेर्लिंदाचं घर चालत येतंय, आठ जोड्या बैल, साठ माणसं, खिडकीत ती स्वतः. सगळ्यांनी टोप्या काढून मला नमस्कार केला.

तेव्हापासून मी त्या वाटेने जात नव्हतो. बुधवारी सकाळी गेलो. मध्येच परत फिरलो, पुन्हा गेलो.

दोन्या उबेर्लिंदा ऐंशीला टेकलेली बाई. तिने मला बसवलं, माते पाजला, आमचा कडू पाल्याचा चहा.

"पाठ कशी आहे, एलिएसर?"

"बरी आहे."

"जप हो. शिंपल्यांनी लवकर धरते."

मी ऐकून घेतलं. मातेचा दुसरा पेला आला. पावसाचं बोलून झालं, मेंढ्यांचं झालं. मग ती गप्प झाली. म्हणजे आता मी बोलायचं. विनंतीचे शब्द ठरलेले असतात, मी ते वाटेत घोकले होते. बाक इतका लांब, इतका जड, इतकी माणसं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"पोरगी जाईल हो," मी म्हणालो. "ती गेली तर मी काय करू?"

म्हातारीने पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता हसेल. हसली नाही.

"माझी तिन्ही पोरं तिकडेच आहेत," ती म्हणाली. "तुझ्या बाकाचं अख्ख्या गावाला ठाऊक आहे. शुक्रवारी पहाटे येते. मेंढा काप. आणि बटाट्याचे वडे रोसाल्बाला करू दे, तू हात लावू नकोस."

शुक्रवारी चाळीसेक माणसं आली. दोन्या उबेर्लिंदा काठी टेकत स्वयंपाकघरात शिरली, बाकाभोवती फिरली, खालून वाकून पाचरी बघितल्या.

"हा हलवायचा नाही," ती म्हणाली.

मी हातातला दोर खाली ठेवला.

"एवढं चांगलं काम जागेवरून कशाला हलवता? शेड हलवा."

कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं ते. माझ्या तर नाहीच. बाक बाहेर जात नाही ना, मग शेड बाकाकडे येऊ दे. शेडखाली ओंडके सरकवले, दोर बांधले, बैल जुंपले. स्वयंपाकघराची मागची भिंत आम्ही फळी फळी करून उतरवली. रोसाल्बा मधोमध उभी राहून म्हणाली, "माझ्या भिंतीचा एक खिळा हरवला तर बघा." मग बैलांना हाक दिली आणि माझी शेड, आत टांगलेल्या करवतींसकट, अंगण ओलांडून आली. येऊन घराला अशी चिकटली की जणू पहिल्यापासून तिथेच होती. स्वयंपाकघर आणि शेड मिळून एकच खोली झाली, बाक मधोमध, चुलीची ऊब थेट शेडभर. छप्परही चार पोरांनी तेवढ्यात शाकारून टाकलं.

मीही ओढत होतो. सगळ्यात पुढच्या दोराला. पाठ खरोखरच धरली, पण सांगू कोणाला? कोणी विश्वास ठेवला नसता.

जेवणं झाली, सफरचंदाची दारू झाली, माणसं पांगली. ओरियेता बाकाशी उभी होती. पहिल्या खिडकीची चौकट तिने वर ठेवली होती.

"दोन्या उबेर्लिंदा मला म्हणाली," ती म्हणाली, "तुझ्या बापाने बाकाचं नावही काढलं नाही."

मी रंध्याचं पातं तपासायला लागलो. त्याला काही झालेलं नव्हतं.

"मग काय मागितलंत, बाबा?"

"तू राहावीस म्हणून गेलो होतो," मी म्हणालो. "तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. आणि तू नसलीस की मला घरात करमत नाही. झालं समाधान?"

तिने चौकटीवरचा भुसा झटकला. डोळे पुसले, तेही त्या दुखऱ्या हाताने.

"हे पाच-सहा वर्षांपूर्वी सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी कारखान्यातही गेले नसते."

तिने चौकटीचं एक टोक धरलं.

"धरा तिकडून," ती म्हणाली. "अकरा अजून बाकी आहेत."