माशांची एकादशी

माझा नेम साधा आहे. तुळशीला पाणी, दिवा, मुक्या जिवांना दाणा, मग माझ्या तोंडात घास. आमची लेक उज्ज्वला नोकरीला बाहेरगावी गेली आणि तिची खाऱ्या पाण्याची टाकी लोहारा गावच्या घरी माझ्या स्वाधीन करून गेली. तेव्हापासून त्या नेमात दोन नारंगी मासेही आले.

सोमवारी सकाळी त्यातला मोठा उलटा तरंगताना दिसला. धाकटा कोपऱ्यात, कल्ले भराभर हलवत. तपासणीच्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, तर कुंकवासारखं लाल. म्हणजे खरकट्यातून आणि घाणीतून तयार होणारं नायट्रेट फार वाढलेलं.

"आपल्या तांड्यातल्या आज्यानं बैलावर लादून मीठ वाह्यलं," आमचे हे, रूपसिंग, म्हणाले, "अन् तू मिठात मासे पोसून राह्यली. देऊन टाक कोनाले तरी."

"पोरीनं जीव सोपवला हाय. हा वाचलाच पायजे," मी हळूच म्हटलं, आणि यवतमाळच्या संघदीपला फोन लावला. मासे, वाळू, मीठ, सगळं त्याच्याच दुकानातलं.

"काकू, वाळू किती जाड हाय?"

"तू एक इंच नाही त चार म्हणला होता. म्या मधली टाकली. अडीच."

"हे काय भाजीतलं मीठ हाय, मधलं बरं म्हणाले?" तो हसला. "चार इंचात तळाले हवा पोचत नाही, तिथले जंतू नायट्रेट खातात. पण मंग तिले बोट लावाचं नाही. एक इंच असली त धुता येते. तुमच्या अडीचमंदी दोन्ही होत नाही, नुसती घाण सडते. अन् दाणे किती टाकता?"

"चिमूटभर. उपासाच्या दिवशी जास्त."

"काहून?"

"माझ्या वाटचा घास त्यायलेच देते."

"काकू, उपास किती असते तुमचे?"

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. सांगता सांगता माझं मलाच उमगलं. पोट माझं रिकामं राहत होतं आणि पुण्य वाळूत सडत होतं.

"एक इंचच ठेवते," मी म्हटलं. "हात न लावता बसणं माझ्याच्यानं होणार नाही. रोज देव घासते, तशी वाळू धुईन."

"एकदम नका काढू हां. खालची घाण उसळली त हाही जाईल."

रोज पूजा झाली की रबरी नळीनं थोडी थोडी वाळू पाण्यासकट ओढून काढू लागले. खालची काळी निघाली, सडक्या अंड्यासारखा वास मारणारी. तोंडाला पदर बांधला, पण सोडलं नाही. जेवढं पाणी जाई तेवढं मीठ कालवून नवं घालायचं. मिठाची पिशवी ह्यांनी न सांगता उचलून आणली. "मीठ वाहाचं आमच्या रक्तातच हाय," म्हणाले.

मासा मात्र खाईना. टाकलेला दाणा मी तसाच काढून घेई. हात जोडायची आणि पुन्हा नळी धरायची.

एकादशीच्या सकाळी तपासणीच्या नळीतलं पाणी लाल न होता हळदीसारखं पिवळं झालं, म्हणजे नायट्रेट उतरलं. मासा काचेशी आला, वर आला, तोंड उघडून मिटून मागू लागला. माझा हात आपसूक डबीकडे गेला.

"दे ना एक दाणा," हेच विरघळले. "इतका मांगून राह्यला."

झाकण उघडलं होतं. मी ते परत लावलं.

"उद्या. आज त्याचा अन् माझा, दोघांचा उपास हाय," मी म्हटलं, आणि वाळू धुवायला नळी घेतली.