तिघांची ऊर्ध्वदृष्टी

तीन माणसं छताकडे बघत होती आणि अडीचशे माणसं त्या तिघांकडे. छताला म्हणाल तर एक पंखा होता आणि पाणी झिरपून पडलेला पिवळा डाग. पण तिघांच्या माना मागे पडलेल्या, तोंडं अर्धवट उघडी, बुबुळं पार वर पापणीखाली गेलेली. इतक्या भक्तिभावानं पंख्याकडे कोण बघतं?

"पोचले!" आकाशबाबा माइकवरून म्हणाले. "आपल्याला छत दिसतं. त्यांना छताच्या वरचं दिसतं."

छताच्या वर पाण्याची टाकी होती. पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. लोकांनी हात जोडले.

टायरच्या दुकानावरचा तो हॉल. बाबा तिथं मनाचे आजार बरे करायचे. कानात आवाज येणारे, चार-चार दिवस न झोपणारे, घरच्यांवर संशय घेणारे, अशा लोकांना म्हणे आजार नसतोच, वरून बोलावणं आलेलं असतं आणि डॉक्टर लोक गोळ्या कोंबून ते बोलावणं दाबतात. म्हणून दाराशी एक बादली. आत शिरताना गोळ्यांच्या पट्ट्या तिच्यात टाकायच्या आणि मग रोज एक पेला अमृतजल घ्यायचं.

"सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर," बाबा सांगत. "आणि मध्येच बंद करायचं नाही."

कृपेला जेवणाची वेळ लागते, याचं कुणालाच नवल वाटत नव्हतं. कारण गुण येत होता! पंधरा दिवसांत आवाज थांबायचे, आदळआपट थांबायची. आणि ज्यांच्यावर विशेष मर्जी, त्यांची नजर अशी वर लागायची. बाबा त्याला ऊर्ध्वदृष्टी म्हणत.

शेवटून दुसऱ्या रांगेत सिस्टर बसली होती. गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. मनोरुग्णांच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं परिचारिका. पेशंटनी तिच्यावर जेवणाची ताटं फेकली होती, तिच्याशी लग्नं ठरवली होती, एकानं तर तिला आपली राणी करून निम्मं राज्य दिलं होतं. ती सहसा घाबरत नसे. आज मात्र ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती, कारण त्या तिघांतला मधला तिचा धाकटा भाऊ होता.

भाऊ छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सहा वर्षांपूर्वी त्याला छापलेल्या ओळींमधून एक आवाज ऐकू यायला लागला. आधी तो आवाज फक्त चुका दाखवायचा, मग हुकूम सोडायला लागला. औषधांनी आवाज मिटला, पण त्याचं वजन वाढलं, सकाळी डोळे उघडेनात, आणि आजूबाजूचे लोक "अजून गोळ्या चालू आहेत का हो?" असं विचारायचे ते वेगळंच.

सिस्टर लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने परगावी गेली होती. काल परतली, तर भावजय दारातच हसत उभी.

"वन्सं, आवाज गेले यांचे! आणि एकही गोळी न घेता!"

"गोळ्या बंद केल्यास?"

"बाबांनी सांगितलं. बघा तरी कसे शांत झालेत. चालणंसुद्धा किती धीरगंभीर झालंय."

सिस्टरनं बघितलं. भाऊ पाय घासत, हात न हलवता, लाकडी बाहुल्यासारखा चालत आला. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. गोळ्या सुटल्या की तिसऱ्या आठवड्यात हा खिडकीतून पुस्तकं फेकतो, हे तिनं दोनदा निस्तरलं होतं. आणि हा चालण्यातला ताठरपणा आजाराचा नव्हता. तो औषधाचा होता. वॉर्डात तिनं तो शेकडो वेळा पाहिला होता. मग औषध बंद केलेल्या माणसाला औषधाचा त्रास होतोच कसा?

आज सकाळी तिनं हे वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी लगेच एका औषधाचं नाव घेतलं. मग त्यांनी ताठरपणा उतरवणाऱ्या इंजेक्शनची चिठ्ठी लिहिली आणि ते तिच्या हातात दिलं.

"मी ओपीडी संपवून तिथंच येतो. तोवर मान किंवा जबडा आवळला, तर मला फोन करा आणि हे द्या. थांबू नका."

हॉलमध्ये आता संध्याकाळचा पेला फिरत होता. सिस्टरचं लक्ष अमृतजलाच्या जगांकडे गेलं. दोन जग होते. लोकांसाठी मोठा पांढरा आणि रुग्णांसाठी छोटा निळा, तोही बाबांच्याच हातातला.

"मधल्या साधकाला आज दोन पेले," बाबा म्हणाले. "याची झेप मोठी आहे!"

भावजयीनं कौतुकानं मान डोलावली. सिस्टर उठेपर्यंत भावाच्या तोंडात पेले रिते झाले. अर्धा तास भजनात गेला, डॉक्टर अजून आले नव्हते. आणि मग भावाची मान एका बाजूला पिळवटली. जीभ दातांमधून बाहेर आली. श्वासाबरोबर घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"समाधी!" पुढून कुणीतरी ओरडलं. अडीचशे माणसं गुडघ्यांवर आली.

सिस्टर जवळजवळ त्यांच्या डोक्यांवरूनच पुढे गेली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात पिशवी.

"हात लावू नका!" बाबा गरजले. "कृपा उतरेल!"

"उतरवायलाच आलेय," ती म्हणाली. फोनवर डॉक्टरांचं "द्या, मी पोचतोच" ऐकलं आणि भावाच्या दंडात सुई टोचली.

हॉलमध्ये एकच गलका झाला. दोन धिप्पाड सेवक तिच्याकडे निघाले. तेवढ्यात भावजय मधे उभी राहिली. तिला काहीच कळलेलं नव्हतं, पण नवऱ्याच्या घशातली ती शिट्टी तिनं ऐकली होती.

"माझ्या नवऱ्याला माझी नणंद बघतेय," ती म्हणाली. "तुम्ही मागे व्हा."

सिस्टर भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. "श्वास घे, बाळ्या. नाकानं. मी आहे." शिट्टी हळूहळू विरली. मान ढिली पडली. आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती बुबुळं खाली सरकली, थोडी थोडी करत, आणि बहिणीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.



"ताई," भाऊ म्हणाला, "मान फार दुखतेय गं."

"माहितेय."

"दोन तास वर बघतोय. खाली बघताच येईना. ओरडायचं होतं, पण जबडा हलेना." त्यानं लोकांकडे पाहिलं. "आणि तुम्ही सगळे हात जोडून बसलात."

तिघांतल्या डाव्या खुर्चीवरच्या मुलीची आई धडपडत उठली. "सिस्टर, माझ्या पोरीलाही द्या! तिलाही असंच होत असेल का हो?"

"डॉक्टर जिना चढताहेत. तेच देतील."

डॉक्टर आले, धापा टाकत. त्यांनी बाकीच्या दोघांना तपासलं आणि तेच इंजेक्शन दिलं. वीस मिनिटांत दोन्ही ऊर्ध्वदृष्ट्या जमिनीवर आल्या. मुलीनं आईला पहिलं वाक्य सांगितलं ते असं, "पाणी दे, पण त्या जगातलं नको."

बाबा माइककडे वळले. "सुईच्या अघोरी शक्तीनं साधकांचा मार्ग तोडला! वरच्या लहरींची वारंवारता..."

"बाबा," सिस्टर म्हणाली, "वारंवारता राहू द्या. हा निळा जग. यातला एक पेला तुम्ही घ्या. अमृतच आहे ना?"

"आम्ही पोचलेलो आहोत. आम्हाला गरज नाही."

"मग तुमच्या सेवकांना द्या. ते काही पोचलेले दिसत नाहीत."

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. मग मागून आवाज आला, "प्या की!" मग दुसरा. मग साऱ्या रांगा. बाबांनी जग उचलला आणि सरळ मोरीकडे निघाले. पण मोरीच्या दारात भावजय उभी होती. तिनं जग दोन्ही हातांनी धरला आणि डॉक्टरांनी बोलावलेले पोलीस येईपर्यंत काही सोडला नाही.

तपासणीत निळ्या जगातल्या अमृतजलात निघालं ते डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं औषध. आवाज आणि भास थांबवणारं, थेंब मोजून द्यायचं. त्याला ना चव, ना रंग, ना वास. बाबा पूर्वी औषधांचे विक्रेते होते, डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसणारे. म्हणजे बाबांनी रुग्णांना दवाखान्यातलंच औषध दिलं होतं. फक्त न सांगता, न मोजता, न तपासता. आणि ताठरपणा येऊ नये म्हणून डॉक्टर ज्या दुसऱ्या लहान गोळीची जोड देतात, ती दाराशीच बादलीत टाकायला लावली होती. ती गोळी गेली की काहींचे डोळे वर जातात. त्यालाच बाबांनी देवदर्शन करून टाकलं. डोस वाढवला की दर्शनही जास्त. त्या दिवशीच्या दुसऱ्या पेल्यानं भावाचा गळा पुरता आवळला असता.

मुलीची आई हे ऐकून दवाखान्याच्या पायरीवरच बसली. "म्हणजे पोर शांत झाली ती औषधानं?"

"औषधानंच."

"आणि मीच तिच्या गोळ्या फेकल्या." तिनं पदरात तोंड लपवलं. सिस्टर तिच्या शेजारी बसली. तिला रागवावंसं वाटलं नाही. रात्र-रात्र जागलेल्या माणसाला कुणी 'तुझं लेकरू वेडं नाही, निवडलेलं आहे' असं सांगितलं, तर तो त्याच्या मागे जाणारच. आजारी म्हटलं की लोक तोंड फिरवतात आणि पोचलेला म्हटलं की पाया पडतात. बाबांचा सगळा धंदा त्या दोन वागणुकींमधल्या फटीत चालला होता.

दोन आठवड्यांनी भाऊ दवाखान्यात आला. औषध बदललं होतं, कमी मात्रेचं. चालताना हात हलत होते.

"ताई, मी प्रार्थना केलेली चालेल ना? मला बरं वाटतं त्यानं."

"खुशाल कर. प्रार्थनेशी माझं भांडणच नाही. ती कुणी पेल्यात घालून, काय आहे ते न सांगता पाजली, तर भांडण."

"आणि आवाज परत आला तर?"

"तर मला सांग. देवालाही सांग, हवं तर. पण मला आधी."

मंडळी, इतकंच सांगायचं आहे. मन आजारी पडतं, जसं पोट बिघडतं, जसा गुडघा दुखतो. त्यात पाप नाही, पुण्यही नाही. श्रद्धा ज्याची त्यानं ठेवावी. पण जो माणूस तुमचं औषध टाकायला सांगतो आणि स्वतःच्या पेल्यात काय आहे ते सांगत नाही, त्याला एकदा तरी विचारा, यात काय आहे? आणि घरातलं कुणी छताकडे बघत राहिलं, तर हात जोडू नका. जवळ जा आणि त्याला विचारा, दुखतंय का?